रुमालाखालची बोटं

दिनकरशेठ थोपट्यांना स्वतःच्याच गाळ्याचं दार उघडेना.

दार काचेचं, सरकतं. माणूस समोर आला की आपोआप बाजूला होणारं. डोक्यावर पेटी घेतलेला हमाल आला, दार सरकलं. चहाची किटली घेऊन शेवंताबाई आल्या, दार सरकलं. त्यांच्या मागोमाग शेठ घुसायला गेले तर ते असं मिटलं की काच कपाळावर आली. शेठनी हात हलवला. खाकरले. पाय आपटला. दार ढिम्म.

"शेठ, मागं व्हा जरा," आतून हमाल म्हणाला. "त्याला तुम्ही दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? एवढा धडधाकट माणूस!"

"मला दिसताय हो. त्याला नाही."

वरच्या मजल्यावरच्या खिडकीत हेमांगी शिवलकर उभी होती. हातात चहाचा कप, चहात बुडवलेली खारी. बाजाराच्या बिनतारी जाळ्याची सगळी जबाबदारी तिच्याकडे होती. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, हे तिच्या टेबलावरून ठरत होतं. ती खाली बघत होती आणि तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलायचं? फार बरं वाटत होतं.

*

बाजार खाडीवर उभा आहे, खांबांवर. जुन्या बाजारात भरतीचं पाणी शिरायला लागलं तेव्हा हा नवा बांधला. आंबा आता माघातच उतरतो आणि चैत्र सरायच्या आत संपतो, त्यामुळे जो काही धंदा करायचा तो मूठभर दिवसांत. यंत्रंही बरीच आली. पेटीला नुसतं टेकवलं की आतला आंबा किती पिकलाय ते सांगणारं यंत्र आलं. वजनकाटे एकमेकांशी बोलू लागले. शीतघरं आपलं आपण थंड-गरम व्हायला लागली.

भाव मात्र रुमालाखालीच ठरत राहिला.

तो असा ठरतो. अडत्याचा माणूस खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकतो. खरेदीदार त्याखाली हात घालतो. एक बोट धरलं की एक हजार, दोन धरली की दोन. बोटाच्या पेरावर दाबलं की वरचे शेकडे. तोंडानं दोघं भलतंच बोलत असतात, पाऊसपाण्याचं, पोरीच्या लग्नाचं. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या खरेदीदाराला काही कळत नाही. ज्याचा आंबा आहे त्या बागायतदारालाही कळत नाही. त्याला शेवटी अडत्या सांगेल तो भाव.

थोपट्यांच्या गाळ्यात रुमालाखालचा हात होता तात्या शिवलकरांचा. हेमांगीचे वडील. रत्नागिरीकडून तरुणपणी आले आणि या एका गाळ्यात केस पांढरे केले. "तात्यांच्या हातात गेलं ते विहिरीत गेलं," असं खरेदीदार म्हणायचे. म्हणजे परत वर येणार नाही.

हेमांगी त्याच गाळ्यात संगणकावर बसायची. सौदा झाला की तात्या येऊन कानात आकडा सांगत, ती तो नोंदवत असे. आता या गाळ्याची एक रीत सांगायला हवी. सकाळी जो पहिला येईल त्यानं आपल्या नावानं आत शिरायचं आणि दिवसभर सगळ्यांनी त्याच नावावर काम उरकायचं. वायफायचा पासवर्ड फळ्यावर खडूनं लिहिलेला, देवाच्या फोटोच्या बाजूला.

"प्रत्येकाला वेगळं नाव कशाला?" शेठ म्हणायचे. "आपण काय परके आहोत एकमेकांना?"

पहिली यायची ती नेहमी हेमांगी. त्यामुळे गाळ्यातली सगळी पापं-पुण्यं तिच्या नावावर चढायची.

मग एका हंगामात रुमालाखालचे दर बाहेर फुटायला लागले. सकाळी इथे बोटं दाबली जात आणि दुपारच्या आत समुद्रापलीकडच्या एका आयातदाराला कळलेलं असे. शोध घेतला. दर कुणी पाठवले? संगणक म्हणाला, हेमांगी. त्या संगणकावर हमालांपासून शेठच्या भाच्यापर्यंत सगळे बसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाचा सुहास त्याच महिन्यात नव्या गाडीतून हिंडायला लागला होता, हेही सगळ्यांना दिसत होतं. पण संगणक म्हणाला, हेमांगी.

शेठनी भर बाजारात तात्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून काढला.

या बाजारात शिवी दिली तरी माणूस दुसऱ्या दिवशी येतो. रुमाल काढलेला माणूस येत नाही. तात्या घरी बसले ते बसलेच. हेमांगी पुन्हा शिकायला लागली. बिनतारी जाळी, त्यांची कुलपं, ती कोण उघडतं, कशी उघडतं. पोटासाठी शिकतेय बिचारी, असं लोक म्हणाले.

पोटासाठी नव्हतं ते.

*

संधी आली ती खाडीतून. कुणीतरी होडीत बसून, गळ टाकून मासे धरत असल्यासारखं, बाजाराच्या जाळ्यात शिरलं आणि एका रात्रीत तीन शीतघरांचं तापमान चढवून गेलं. सकाळी दारं उघडली तेव्हा आंब्याचा रस उंबऱ्यावरून वाहत होता. बाजार समितीची तंतरली. मग प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिलं, स्वतंत्र पासवर्ड दिला. आठवड्याभरात दोन्ही फळ्यावर.

हेमांगी एव्हाना अशी जाळी राखणाऱ्या एका कंपनीत लागली होती. त्या कंपनीला बोलावणं आलं आणि कंपनीनं तिला पाठवलं. तिनंच मागून घेतलं होतं ते काम.

सभेत पहिल्या रांगेत थोपटे.

"तू तात्यांची पोरगी ना गं?"

"हो, शेठ."

"बघा!" शेठ सभेकडे वळले. "मी मागचं सगळं विसरलो. कामाची पोरगी आहे, घेऊ या. माणसाचं मन मोठं पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हेमांगीनंही डोलावली. मग ती बोलायला लागली.

खाडीत एक खांब रोवा, ती म्हणाली. लाट येते, खांबाला वळसा घालते, थोडी मोडते, पुढं जाते. पाण्याचं नीट निरीक्षण करणारा माणूस किनाऱ्यावर बसून, खांबाकडे न बघता, नुसत्या मोडलेल्या लाटांवरून सांगेल की खांब कुठं आहे आणि केवढा जाड आहे. वायफाय म्हणजे हवेतल्या लाटाच. आणि माणूस म्हणजे बरंचसं पाणी भरलेला खांब. तो हलला की लाटा वेगळ्या मोडतात. जाळं हे मोडणं सतत मोजत असतं, कारण ते मोजल्याशिवाय त्याला संदेश नीट पोचवता येत नाही. मोजतं आणि फेकून देतं. आपण ते फेकायचं नाही, एवढंच.

पूर्वीच्या लाटा वीतभर लांब होत्या, त्यांना फार तर माणूस दिसायचा. आताच्या लाटा ज्वारीच्या दाण्याएवढ्या. त्यांना छातीचं वरखाली होणं दिसतं, पायाची ढब दिसते, मनगटातली नाडी दिसते. दोन माणसांचं हे सगळं सारखं नसतं. म्हणजे पासवर्ड विचारायलाच नको. तुम्ही आत आलात की जाळं बघेल: श्वास थोपट्यांचा आहे का? चाल थोपट्यांची आहे का? आहे, तर दार उघड, काटा चालू कर. तेही एकदा नव्हे, तुम्ही आहात तोवर दर क्षणी. ज्याची नोंद नाही त्याला जाळं माणूस धरतच नाही. पंखा फिरतो, कावळा उडतो, तसाच तोही एक गोंगाट. लाटांतून वजा करून टाकायचा.

आणि या लाटांना कापड काचेसारखं असतं. आरपार.

हे शेवटचं वाक्य तिनं सभेत उच्चारलं नाही.

"पण सर्दी झाली तर श्वास बदलतो," कुणीतरी म्हणालं. "पाय मुरगळला तर चाल बदलते."

"बरोबर," हेमांगी म्हणाली. ती याच प्रश्नाची वाट बघत होती. "म्हणून तिसरी एक खूण हवी. कधीही न बदलणारी. मला वाटतं, ती तुमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. तुमचा रुमाल. प्रत्येकाची दाबायची तऱ्हा वेगळी, हो ना? तीच तुमची किल्ली करू या."

सभा फुलून आली. म्हातारे अडते एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. इतकी यंत्रं आली, पण कुणी आपल्या रुमालाला विचारलं नव्हतं. या पोरीनं विचारलं.

*

"कुठं बसू?"

"इथं. खांबाला पाठ लावून. रुमाल आणलाय ना, शेठ?"

"रुमालाशिवाय मी अंघोळीलासुद्धा जात नाही."

"टाका मग माझ्या हातावर. आता एक म्हणा. तोंडानं नाही, बोटानं."

"हे घे एक."

"दोन."

"पोरीचा हात धीट आहे. तात्यानं शिकवलं वाटतं?"

"तात्या घरी या विषयावर बोलत नाहीत. दोन, शेठ."

"हं, दोन."

"तुम्ही नख लावता."

"ती माझी सही. आंधळासुद्धा म्हणेल, हा थोपट्याचा हात."

"यंत्रालाही तसंच म्हणू दे. तीन. पुन्हा तीन. घाईत असल्यासारखं तीन. आता चार. वरचे शेकडे दाखवा. सगळे, एकापासून नऊपर्यंत."

"एवढं कशाला? माणूस ओळखायला दोन-तीन पुरेत."

"जितकं जास्त शिकेल तितकी तुमची नक्कल कुणाला करता येणार नाही."

"ते खरं. घे, एक शेकडा. दोन... पण काय गं, हे यंत्र आमचे आकडे बाहेर तर नाही ना सांगायचं?"

"यंत्र फक्त हो किंवा नाही म्हणतं. थोपटे आहेत, थोपटे नाहीत. बस."

"आणि आकडा?"

"विसरायला सांगितलंय त्याला."

"तात्या कसाय?"

"बरे आहेत. सात शेकडे, शेठ."

*

सगळ्या बाजारानं रांग लावून यंत्राला मुळाक्षरं गिरवून दिली. जी भाषा बापानं मुलालाही गाळ्यात बसल्याशिवाय शिकवली नव्हती, ती त्यांनी हसत हसत, एकमेकांची थट्टा करत, एका खांबाला शिकवली. कुणी त्यांच्याकडे गुपित मागितलं असतं तर त्यांनी जीव दिला असता. हेमांगीनं गुपित मागितलंच नाही. तिनं त्यांना मिरवायला जागा दिली.

आणि यंत्र खरंच विसरत होतं. शंभरावर गाळ्यांत दर क्षणी वाचत होतं आणि दर क्षणी विसरत होतं. फक्त एका गाळ्यात विसरत नव्हतं.

तिथं जाळ्याला जे दिसत होतं ते असं:

एक ओला, उबदार खांब. डावीकडे किंचित झुकलेला. छाती वर, छाती खाली. समोर दुसरा खांब येतो. दोन्हींच्या मध्ये पाच-पाच काड्या गुंततात. काड्यांवर काहीतरी आहे, पण ते नसल्यासारखंच. चार काड्या, मग एका पेरावर दोनदा नख. चार हजार दोनशे. दुसरा खांब जातो. तिसरा येतो, बारीक, चढउतारावर मुरलेल्या चालीचा, हातात काही नाही. पहिला खांब त्याच्याकडे वळतो. छाती वर जाते. थांबते. खाली येत नाही. मग ओठ हलतात, आणि नंतर छाती खाली येते.

दर वेळी असंच. तिसरा खांब आला की श्वास अडकतो.

हेमांगीनं ते कितीतरी दिवस पाहिलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिसरा खांब म्हणजे बागायतदार. श्वास अडकतो तो खोटं बोलण्याआधी. तिनं पावत्या पडताळल्या. रुमालाखाली चार हजार दोनशेला गेलेली पेटी थोपटे बागायतदाराला तीन हजार शंभर म्हणून सांगत होते.

तिचा बेत साधा होता. थोपट्यांचे दर त्यांच्या वैऱ्यांना द्यायचे आणि गाळा बुडताना बघायचा. हे तर त्याहून सरस हाती लागलं होतं. सुडाला कारण लागत नाही. पण कारण मिळालं की तो स्वतःला न्याय म्हणवून घेतो आणि मग त्याची पावलं फार ताठ पडतात.

*

प्रत्येक गाळ्याच्या वर एक फलक आहे. त्यावर शीतघराचं तापमान दिसतं. त्या सकाळी हंगाम ऐन भरात होता, दापोलीचे अस्लम मुकादम ट्रकभर आंबा घेऊन थोपट्यांच्या गाळ्यासमोर उभे होते, खरेदीदार एकामागून एक रुमालाखाली हात घालून जात होते, शेठ कुणाच्यातरी नातवाची चौकशी करत होते, आणि फलकावरचं तापमान गेलं.

तिथं आलं: थोपटे. ओळख पटली. तीन हजार सातशे.

कुणी वर पाहिलं नाही. पुढचा खरेदीदार.

थोपटे. ओळख पटली. चार हजार.

मग एकानं पाहिलं. त्यानं दुसऱ्याला कोपर मारलं. शेठची पाठ फलकाकडे होती. त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला, घाम पुसला आणि मुकादमांकडे वळले.

"काय लागला, शेठ?" मुकादमांनी विचारलं.

"मार पडलाय, मुकादम. बाजारच उठत नाही. तीन हजार. तुमच्यासाठी म्हणून वर शंभर काढलेत मी, भांडून."

"मग ते काय लिवलंय?"

शेठ वळले.

आता काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही, कारण सगळंच एकदम झालं. खरेदीदार रुमालापासून तापल्या तव्यावरून हात काढावा तसे मागे सरले, बाजूच्या गाळ्यांतले बागायतदार धावत आले, कुणी पेट्यांवर चढलं, शेठ म्हणाले यंत्र बिघडलंय, यंत्र खोटं बोलतंय, आणि अस्लम मुकादम, ज्यांचा आवाज आजवर बाजारानं चढलेला ऐकला नव्हता, त्यांनी शेठचा हात धरला, रुमाल त्यावर टाकला आणि म्हणाले, "खोटं बोलतंय ना? मग दाबा. काय वाट्टेल ते दाबा."

शेठनी दोन बोटं दाबली. फलक म्हणाला, दोन हजार.

शेठनी नख न लावता, परक्या माणसासारखी पाच दाबली. फलक क्षणभर घुटमळला. थोपटे. ओळख पटली. पाच हजार.

कुणीतरी हसलं. मग सगळा बाजार हसला. हे हसू बराच वेळ टिकलं, आणि शिव्या त्यानंतर सुरू झाल्या.

वर खिडकीत हेमांगी टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. शेठनी रुमाल खाली टाकला होता. लोक त्यावरून चालत होते.

*

मग सगळं भराभर झालं. बागायतदार बाजाराच्या फाटकात बसले. प्रत्येक गाळ्यावर असा फलक लागल्याशिवाय एक पेटी आत जाणार नाही म्हणाले. समितीनं आधी चौकशी नेमली, मग आंबा सडायला लागला तेव्हा फलक लावले. जिचं यंत्र, त्या बाईला कुणी जाब विचारला नाही. उलट हार घातला. सगळीकडे उघडे भाव. रुमालांनी आता लोक घाम पुसतात.

थोपट्यांचा परवाना रद्द झाला. सचिवांनी वर येऊन हेमांगीला सांगितलं, त्यांचं नाव काढून टाका. ती खुर्चीत नीट सावरून बसली. पडद्यावर प्रश्न आला: हा वापरकर्ता काढायचा? तिनं तो प्रश्न दोनदा वाचला. आवडता पदार्थ तोंडात घोळवावा तसा. मग काढला.

म्हणून त्या सकाळी दार उघडलं नाही. शेठ हमालाच्या खांद्याला खांदा लावून कसेबसे आत गेले तर काटा बोलेना. उरलेला माल बघायला शीतघरात गेले तेव्हा मागं दार मिटलं आणि दिवे विझले. जाळ्याच्या मते आत कुणीच नव्हतं. रिकाम्या खोलीत दिवे कशाला जाळायचे? काळोखात, गारठ्यात, शेठ हाका मारत राहिले.

हेमांगीच्या पडद्यावर ती खोली रिकामी दिसत होती. एका कळीचं काम होतं.

तिनं खारी संपवली. हात झटकले. मग कळ दाबली.

बाहेर आलेल्या थोपट्यांनी वर खिडकीकडे पाहिलं. बघत राहिले, एखाद्या पेटीचा अंदाज घ्यावा तसे.

*

रविवारी दुपारी पनवेलच्या घरात तात्या फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. बाजारात काय झालं ते हेमांगीनं त्यांना सांगितलं होतं. थोपटे पकडले गेले, एवढंच. कसे, विचारल्यावर ती म्हणाली होती, यंत्रानं. तात्यांनी मान हलवून विषय बदलला होता, आणि तिनं ते समाधानाचं लक्षण धरलं होतं.

बेल वाजली. दारात थोपटे.

"या, शेठ," तात्या उठले. गुडघ्यावर हात टेकून, पण उठले. "हेमा, चहा टाक गो."

"मी टाकणार नाही."

"बाय, दारात आलेल्या माणसाला—"

"पाणी देते."

थोपटे खुर्चीच्या कडेवर बसले. चार दिवसांत दाढीचे खुंट पांढरे दिसायला लागले होते. त्यांनी पिशवीतून घडी केलेला रुमाल काढून टीपॉयवर ठेवला. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास सुटला.

"तुझा आहे, तात्या. जपून ठेवला होता."

"कशाला ठेवलात?"

"दर सुहासनं विकले होते. बहिणीचा मुलगा. मला चौकशीच्या आधीच कळलं होतं." शेठ हेमांगीकडे न बघता बोलत होते. "तुझी पोरगी त्यात नव्हती."

हे वाक्य ऐकायला हेमांगीनं किती वर्षं घातली होती! रात्री उशीत तोंड खुपसून ती ते त्यांच्या आवाजात म्हणून बघायची. आता ते आलं, आणि जेवून उठल्यावर पुढ्यात ठेवलेल्या ताटासारखं वाटलं.

"हे बाजारात म्हणा," ती म्हणाली. "फाटकात उभे राहून म्हणा."

"म्हणेन. उद्याच म्हणेन. सुहासचं नाव घेऊन म्हणेन, मला आता कोण विचारतंय? पण पोरी, मी माफी मागायला नाही आलो. वसुलीला आलोय."

"कसली वसुली?"

"राहू द्या, शेठ," तात्या म्हणाले.

"का राहू दे? तिला कळू दे की." थोपटे पहिल्यांदा तिच्याकडे वळले. "चौकशीच्या दिवशी तुला बाहेर उभं केलं होतं. आत समितीचे अध्यक्ष होते, मी होतो आणि हा. मी म्हटलं, तात्या, पोरीनं दर विकले, कबूल कर, मी मिटवतो. हा काय म्हणाला, सांगितलं कधी तुला?"

हेमांगीनं तात्यांकडे पाहिलं. तात्या आठळीचं साल नखानं काढत होते. ते निघत नव्हतं.

"म्हणाला, माझी पोर रुमालाखालचं कधी बाहेर काढणार नाही. आज नाही नि उद्या नाही. काढलं तर हा उजवा हात मी मेला समजेन. बांधून ठेवीन. ह्यानं घास घेणार नाही, हा कुणाच्या हातात देणार नाही. गणपतीच्या फोटोवर हात ठेवून म्हणाला. मी तेव्हा हसलो होतो. मला माहीत होतं ना, तू निर्दोष आहेस. त्याला हात बांधायची पाळी येणारच नव्हती." शेठ थांबले. छाती वर गेली आणि सरळ खाली आली. "आता आलीय."

"तात्या, तेव्हा मी नव्हतं केलं!"

"तेव्हा नव्हतंस," तात्या म्हणाले. "आता?"

"हा माणूस बागायतदारांना लुटत होता. तुम्ही आणलेल्या आकड्यांवर लुटत होता. मी तुमच्यासाठी—"

"तो भाग निराळा गो. शेठ चोर, ते बाजारानं बघितलं. मी विचारतो त्याचं सांग. यंत्र आपल्या मनानं बोललं का तू बोलवलंस?"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होत नव्हती.

नाही म्हणता आलं असतं. तात्यांनी विश्वास ठेवला असता. आधीही ठेवलाच होता, सगळ्या बाजाराविरुद्ध. पण समोर थोपटे बसले होते, आणि त्यांच्यासमोर नाही म्हणणं म्हणजे केलेलं परत करणं. तिला ते परत करायचं नव्हतं. एक दाणाही नाही.

"मी बोलवलं," हेमांगी म्हणाली. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलवीन."

तात्यांनी मान हलवली. रुमालाखाली आकडा कळल्यावर हलवत तशी, जेमतेम. मग त्यांनी परातीत हात झटकला, धोतराला पुसला आणि टीपॉयवरचा रुमाल उचलला. घड्या मोडल्या. कापड पिवळं पडलं होतं, पण फाटलं नव्हतं कुठं. त्यांनी ते उजव्या हाताला गुंडाळलं, अंगठ्यावरून, बोटांवरून, मनगटापर्यंत. डाव्या हातानं टोकं ओढली. गाठ बसेना. दातांत एक टोक धरून ओढली. तरी सुटली.

"तात्या, पुरे," हेमांगी म्हणाली. "कोण बघतंय आता? कुणाला पडलीय या शब्दाची?"

"शेठ बघतायत की."

थोपटे खरंच बघत होते. हलले नव्हते. पाण्याचा पेला भरलेला तसाच होता.

तात्यांनी गुंडाळलेला हात तिच्यापुढे धरला.

"बांध."

"मी नाही."

"मग त्यांच्याकडून बांधून घेऊ?"

हेमांगी खाली बसली. तिनं दोन्ही टोकं घेतली. एक गाठ मारली.

"घट्ट," तात्या म्हणाले.

तिनं दुसरी मारली. थोपट्यांची खुर्ची करकरली. दाराशी चपला सरकल्याचा आवाज आला, मग जिन्यात पावलं, डावीकडे किंचित झुकलेली. तिच्या हातांत तो कापडाचा गोळा होता आणि कापडाआड बोटं हलायला लागली होती, एक दाबत, मग दुसरं, सवयीनं किंवा आणखी कशानं.

तिला ती वाचता आली असती.

तिनं हात काढून घेतले.